रिपोर्ट येईपर्यंतचं टॉम्स्क

आज सकाळी पडदा सारला तर मागचं अंगण पांढरं झालेलं. मिनेसोटातल्या आमच्या ईडन प्रेरी गावात पहिल्या बर्फाचं कौतुक फक्त नव्यानं आलेल्यांना असतं. ते घरातल्या कपड्यांवरच बाहेर येतात, फोटो काढतात आणि भारतातल्या ग्रुपवर टाकतात. आम्हाला इथे येऊन तीस वर्षं होऊन गेली. मला बर्फ दिसला की आधी फावडं आठवतं, मग कंबर आठवते. गेली काही वर्षं त्याबरोबर दवाखानाही आठवतो, कारण हा आमच्या घरातला परीक्षेचा हंगाम आहे. नीलाची, म्हणजे माझ्या बायकोची, वर्षाची तपासणी याच दिवसांत असते. परवा ती झाली. रिपोर्ट यायचा आहे.

नीला समोर मेथी निवडते आहे. मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून हे लिहितोय. रिपोर्टचा विषय आमच्यात निघालेला नाही आणि निघणारही नाही. "बर्फ जरा लवकर पडला नाही या वर्षी?" ती म्हणाली. "हो ना," मी म्हणालो. तिनं मेथीची दुसरी जुडी सोडली.

माझ्या सासूबाईंनी लेकीला एक गोष्ट पक्की शिकवून ठेवली आहे. घरात अभद्र बोलायचं नाही. वास्तू अधूनमधून तथास्तु म्हणत असते, आणि ती कधी म्हणेल याचा नेम नाही. त्यामुळे आमच्याकडे वाईट दुखण्यांची नावं घेतली जात नाहीत. त्यांना 'तसलं काही' म्हणतात. मी मेकॅनिकल इंजिनिअर, जन्मभर पंप आणि व्हॉल्व्ह यांच्याशी झटलेला माणूस. मी या प्रकाराची यथेच्छ टिंगल करायचो. मिनेसोटातल्या लाकडी घराला संस्कृत कुठून कळणार, असं विचारायचो. नीला म्हणायची, "कळत नसेल तर उत्तमच. पण कळत असेल तर?" पाच वर्षांपूर्वीच्या त्या हिवाळ्यानंतर मात्र टिंगल करायची हिंमत राहिली नाही.

तो हिवाळा आम्ही सैबेरियात सुरू केला. सैबेरियात कोण जातं फिरायला? कुणी नाही. पण आमची एकुलती एक लेक रेवा तिथे होती. इंजिनिअर बाप आणि लायब्ररीत काम करणारी आई यांच्या पोटी जन्मलेल्या या मुलीनं कॉलेजात रशियन भाषा घेतली. का घेतली, हे मला आजवर समजलेलं नाही. मग वर्षभरासाठी टॉम्स्क नावाच्या गावातल्या विद्यापीठात इंग्रजी शिकवायला गेली. तेव्हा अजून तिकडे सरळ जाता येत होतं. आम्ही सहा महिने आधी तिकिटं काढली, व्हिसासाठी नाकदुऱ्या काढल्या, लोकरीच्या मोज्यांवर वाद घातले. आणि निघायला जेमतेम काही दिवस उरले असताना नीलाला डाव्या छातीत गाठ लागली.

पुढचं सगळं भराभर झालं. फोटो काढले, मग सुई घालून तुकडा काढला. डॉक्टरबाई म्हणाल्या, रिपोर्टला आठवडा तरी लागेल, जायचं असेल तर खुशाल जा. मी म्हणालो, कॅन्सल करू. नीलानं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच काहीतरी अभद्र बोललो.

"इथे बसून भिंती बघायच्या, त्यापेक्षा तिथे जाऊन रेवाला बघू. पण तिला एक अक्षर सांगायचं नाही. सांगितलं तर ती आहे तिथे सगळं टाकून येईल. आणि तसलं काही नसलंच तर उगाच."

"आणि असलं तर?"

"अहो!" तिनं भिंतींकडे पाहिलं.

टॉम्स्कचं पहिलं दर्शन मला नाकानं झालं. विमानतळाबाहेर श्वास घेतला आणि नाकातले केस ताठ झाले. मिनेसोटाच्या माणसाला थंडीचा एक माज असतो, तो तिथल्या पार्किंगमध्येच उतरला. रेवा लाल टोपी घालून उभी होती. तिनं धावत येऊन आईला मिठी मारली आणि नीलानं ऐनवेळी डावा खांदा मागे घेतला. एवढ्या जाड कोटांमधून ते कुणाला कळलं नसतं. मला कळलं. नंतरचे सगळे दिवस माझी नजर त्या खांद्यावरच होती. आजूबाजूला टॉम्स्क होतं, ते मी त्या खांद्याच्या अलीकडून-पलीकडून बघितलं.

आणि गाव बघण्यासारखं होतं, हे कबूल केलं पाहिजे. लाकडी घरं. दोन मजली, उतरत्या छपरांची, आणि प्रत्येक खिडकीभोवती लाकडात कोरलेली जाळी. पक्षी, वेली, सूर्य, काय वाटेल ते. काही घरं रंगवून झकास केलेली, काही काळी पडून एका बाजूला कललेली. कित्येक घरं जमिनीत खचली आहेत. त्यांच्या तळमजल्याच्या खिडक्या फुटपाथला टेकलेल्या असतात. आत फुलांच्या कुंड्या आणि एखादं मांजर आपल्या गुडघ्यांच्या उंचीवरून आपल्याकडे पाहत असतं. नीला प्रत्येक खिडकीसमोर थांबायची. तिचं थांबणं मला आवडत होतं, कारण तेवढा वेळ तिच्या चेहऱ्यावर दुसरं काही नसायचं.

"या घरांमध्ये पण एक देव असतो," रेवा म्हणाली. "मीन्स, देव नाही. हाउस स्पिरिट. म्हातारा, दाढीवाला. लोक घर बदलतात ना, तेव्हा त्याला जुन्या बुटात बसवून नव्या घरी घेऊन जातात."

"तो बोलतो का काही?" नीलानं इतक्या गंभीरपणे विचारलं की रेवा हसली.

"रात्री आवाज करतो म्हणे. यू आर सच अ बिलीव्हर, आई."

नीला हसली नाही. त्या दिवशी तिनं हॉटेलच्या खोलीतही आवाज खाली आणला.

आता आमच्या सकाळींबद्दल सांगायला हवं. टॉम्स्क आणि मिनेसोटा म्हणजे जवळजवळ पृथ्वीच्या दोन बाजू. आमची रात्र तो तिकडचा दिवस. म्हणजे आम्ही झोपलेलो असताना तिकडे लॅबमध्ये लोक कामाला लागलेले असणार, काचपट्ट्या बघत असणार, आणि रिपोर्ट तयार झाला की तो हॉस्पिटलच्या ॲपवर येणार. डॉक्टरांचा फोन येईल तेव्हा येईल, तिकडे आजकाल रिपोर्ट आधी थेट पेशंटच्या हातात पडतो. हा कुणाचा शहाणपणा आहे कोण जाणे. उजाडलं की तिकडची ऑफिसं बंद, मग रात्रीपर्यंत काही येणार नाही. दिवसभर आम्ही सुटलेले असायचो. सगळं काय ते सकाळी.

पहिल्याच सकाळी नीलानं ॲप उघडलं. ते उघडेना. ओळख पटवण्यासाठी ईमेलवर कोड पाठवला आहे, तो टाका, असं म्हणालं. नीलानं ईमेल बघितला. कोड नाही. पुन्हा मागवला. नाही. मी चष्मा लावून फोन हातात घेतला, बंद केला, चालू केला, खिडकीपाशी नेऊन धरला. माझ्या क्षेत्रात अडलेल्या व्हॉल्व्हला दोन टोले मारले की काम होतं, ते इथे चालेना.

"इथलं नेटच असलं," मी म्हणालो.

"रेवाला विचारलं असतं तर दोन मिनिटांत केलं असतं तिनं," नीला म्हणाली. पण घरातलं असलं प्रत्येक काम जी करते तिलाच नेमकं विचारता येणार नव्हतं.

दुसऱ्या सकाळी तेच. तिसऱ्या सकाळी तेच. कोड पाठवला आहे, कोड पाठवला आहे. रिपोर्ट आला असेल की नसेल, हेही आता कळायला मार्ग नव्हता. कदाचित तो दोन दिवसांपूर्वीच येऊन दाराआड उभा असेल. मला भीती वाटत होती. सरळ सांगतो, इतकी भीती मला आयुष्यात कधी वाटली नव्हती, आणि ती भीती घेऊन मी रोज सकाळी दाढी करून, टापटीप होऊन, लेकीबरोबर गाव बघायला निघत होतो. डॉक्टरांना फोन करू, असं मी एकदा सुचवलं. नीला म्हणाली, "त्यांना सांगायचं असेल तर त्या करतील." तिनं फोन करू दिला नाही. आज मला वाटतं, कोड येत नव्हता हे तिला थोडं बरंच वाटत होतं.

रेवानं आम्हाला खाऊ घालायचा चंग बांधला होता. त्या गावात ठिकठिकाणी खानावळी आहेत. ट्रे घ्यायचा, रांगेत सरकायचं, काचेमागच्या मावशी वाढतात. नीला शाकाहारी, त्यामुळे रेवा प्रत्येक पदार्थाची उलटतपासणी घ्यायची आणि मावशी वैतागायच्या. बीटाची कोशिंबीर, गाजराची कोशिंबीर, कोबीचं सूप, बटाट्याचे घावन. आणि सगळ्यावर शेपू. सूपवर शेपू, बटाट्यावर शेपू, काकडीवर शेपू. ज्या भाजीच्या वासानं मी लहानपणी अकोल्यात ताटावरून उठून पळायचो, ती भाजी सैबेरियात माझी वाट बघत बसली होती. मी तसं म्हणालो. रेवा पोट धरून हसली. नीलाही हसली, आणि हसता हसता तिचा हात कोटाच्या आत डाव्या बाजूला गेला. लगेच तिनं तो काढून घेतला आणि मीठ शोधल्यासारखं केलं. रेवानं मिठाची बाटली तिच्यापुढे सरकवली. तिनं आईकडे पाहिलं नाही.

कोटांची एक वेगळीच भानगड होती. तिथे कुठेही आत शिरलं, म्युझियम असो की साधी खानावळ, की आधी कोट काढून द्यायचा. काउंटरमागची बाई तो घेते आणि नंबरचा बिल्ला देते. कोट अंगावर ठेवून आत जाणं म्हणजे चपला घालून देवघरात जाण्यासारखं. पण नीलाला डावा हात वर नेला की सुईची जखम ओढायची. मग मी तिच्या मागे उभा राहून एकेक बाही हळूच उतरवून द्यायचो. निघताना पुन्हा चढवून द्यायचो, बटणं लावायचो. लग्नाला इतकी वर्षं झाली, मी तिच्यासाठी कधी गाडीचं दार उघडलं नव्हतं.

"बाबा, सिन्स व्हेन?" रेवानं विचारलं.

"रशियात आलोय. जरा रशियन मॅनर्स."

"ओके," ती म्हणाली. नुसतं ओके. दुसरा कुठला दिवस असता तर तिनं मला तासभर चिडवलं असतं. एकदा एका कोटवाल्या बाईनं घाईत नीलाची बाही ओढली आणि नीलाच्या तोंडून "आई गं" निघालं. "खांदा धरलाय जरा, प्रवासानं," ती म्हणाली. तेव्हाही रेवा ओके म्हणाली आणि बिल्ला घ्यायला वळली. बिल्ला घ्यायला तिला फार वेळ लागला.

टेकडीवर एक जुनं म्युझियम होतं, त्याला लाकडी मनोरा. पूर्वी गावात कुठे आग लागली की तिथून दिसायची. आम्ही वर गेलो. सगळ्या गावाच्या धुराड्यांतून धूर सरळ वर चालला होता, वारा अजिबात नव्हता. नीला म्हणाली, किती शांत आहे. नीलाच्या गळ्यात तिचा स्वतःचा मफलर असतानाही रेवानं आपला त्यावर गुंडाळला. बाजारात एका म्हातारीनं आम्हाला देवदाराच्या बिया दिल्या, आपल्या चिलगोज्यांच्या धाकट्या बहिणी. त्या दातांनी फोडायच्या. रस्त्यावर लोक उणे पंधरामध्ये आइस्क्रीम खात चालले होते आणि दुकानदारानं ते खोक्यात घालून उघड्यावरच ठेवलं होतं. रेवानं तिघांना घेतलं. नीलानं दातदुखीचं निमित्त न करता सगळं संपवलं. चांगला दिवस होता तो. असे चांगले तास अधूनमधून यायचे आणि मग एकदम लक्षात यायचं की उद्या पुन्हा सकाळ आहे.

मग ते चर्च. निळ्या घुमटांचं, आत अंधार आणि मेणाचा वास. देऊळ कुणाचंही असो, नीलाला आत गेल्याशिवाय राहवत नाही. तिनं डोक्यावरून ओढणी घेतली, दारातल्या बाईकडून एक बारीक मेणबत्ती घेतली आणि सगळीकडे पाहिलं. एका बाजूला चौकोनी टेबलासारखं काहीतरी होतं, तिथे सर्वांत जास्त मेणबत्त्या जळत होत्या. जिथे गर्दी तिथला देव जागृत, हा आपला हिशेब. तिनं आपली मेणबत्ती तिथे लावली, हात जोडले, डोळे मिटले.

एक म्हातारी पुटपुटत पुढे आली. पण तिच्या आधी रेवा पोचली. तिनं ती जळती मेणबत्ती उपटली. मेण तिच्या बोटांवर सांडलं असणार, तिनं पर्वा केली नाही. दुसऱ्या टोकाला एका तसबिरीसमोर गोल पितळी समई होती, तिच्यात तिनं ती खोचली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"काय झालं गं?" नीलानं विचारलं. "चुकलं का माझं काही?"

"नथिंग. तिकडे जागा नव्हती."

जागा भरपूर होती. बाहेर आल्यावर नीला पुढे फोटो काढत होती तेव्हा मी रेवाला हळूच विचारलं. तिनं आधी आई किती लांब आहे ते पाहिलं. मग म्हणाली, "दॅट टेबल इज फॉर द डेड, बाबा. मेलेल्यांसाठी. ज्यांना बरं वाटावं, त्यांच्यासाठी दुसरीकडे लावतात." आणि तरातरा चालायला लागली. मी तिथेच उभा राहिलो. मला त्या क्षणी वास्तूवर, तथास्तुवर, दाढीवाल्या म्हाताऱ्यावर, सगळ्यावर एकदम विश्वास बसला. नीलाला मी हे सांगितलं नाही. रेवा इतकी का घाबरली, हा प्रश्न मात्र मला तेव्हा पडला नाही. मला वाटलं, लेकच ती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा कोड आला नाही. दुपारी रेवानं आम्हाला तिच्या आवडत्या ठिकाणी नेलं. छोटंसं तळघर, धुकं धरलेल्या खिडक्या, सहा-सात टेबलं. तिथे उकडलेल्या करंज्यांसारखं काहीतरी मिळतं, आत बटाटा, वरून लोणी आणि आंबट साय. आणि अर्थातच शेपू. नारिंगी रंगाचा आंबट-गोड चहा आला. नीलानं काटा उचलला.

"आई, सकाळी सात वाजता तू काय करत असतेस?" रेवानं विचारलं.

"काय करणार? आंघोळ."

"नो. आय मीन रोज. सात वाजता. कधी सात-पाच, कधी सात-दहा."

नीलानं काटा खाली ठेवला. रेवानं आपला फोन काढला आणि टेबलावर आमच्या बाजूला वळवून ठेवला. हॉस्पिटलकडून आलेल्या मेलची रांग. तुमचा कोड, तुमचा कोड, तुमचा कोड.

"कोड मला येतो, बाबा. तुम्हा दोघांच्या सगळ्या अकाउंट्सना ईमेल माझा आहे. मी हायस्कूलमध्ये असताना तुम्हीच म्हणालात, तुझाच टाक, आम्हाला ते बघायला जमत नाही."

खरं होतं. बँक, वीज, विमा, दवाखाना, सगळं तिनं उघडून दिलं होतं. आपल्या लोकांच्या इथल्या कुठल्याही घरात जा, हेच सापडेल. आई-बाप दोघंही शिकलेले, मोठ्या नोकऱ्या केलेले, आणि पासवर्ड कार्टीच्या डोक्यात. जगात एका माणसापासून आम्ही ही गोष्ट लपवत होतो आणि रोज सकाळी आम्हीच तिच्या दारावर थाप मारत होतो.

"हॉस्पिटलचे मेल मी कधी बघत नाही. फ्लू शॉट आणि कचरा," रेवा बोलतच होती. तिचा आवाज चढत होता, मराठीत इंग्रजी आणि इंग्रजीत मराठी होत होतं. "बट फर्स्ट मॉर्निंग, कोड. मला वाटलं, हॅकिंग आहे काहीतरी. मग मी मागचे मेल बघितले. अपॉइंटमेंट, ब्रेस्ट सेंटर. आणि तू खांदा धरलाय म्हणतेस! मी रोज वाट बघत होते, आज सांगतील, आज सांगतील. मी तुम्हाला म्युझियम दाखवतेय, सूप देतेय, आणि यू टू आर डिस्कसिंग शेपू!"

शेजारच्या टेबलावरच्या दोघी आमच्याकडे बघायला लागल्या.

"तू उघडलंस का?" नीलानं विचारलं. शांतपणे. "रिपोर्ट?"

"नाही." रेवाचे डोळे भरून आले होते. "तो तुझा आहे. काल रात्री मेल आला, न्यू रिझल्ट म्हणून. मी नाही उघडला."

म्हणजे तो आला होता.   मी म्हणालो, हॉटेलवर जाऊन बघू. मी म्हणालो, आधी खाऊन घेऊ. काहीतरी बोलत सुटलो. नीलानं माझ्याकडे लक्षच दिलं नाही. तिनं पिशवीतून आपला फोन काढला आणि कोड मागवला. टेबलावर रेवाचा फोन थरथरला. रेवानं एकेक आकडा वाचला, नीलानं एकेक टाकला. एक चुकला, तो खोडून पुन्हा टाकला. दार उघडलं.

"तूच वाच," नीला म्हणाली आणि फोन लेकीकडे दिला. "माझा चष्मा कोटात राहिला."

रेवा वाचत होती. मी तिच्या डोळ्यांकडे बघत होतो. ते ओळींवरून डावीकडून उजवीकडे जात होते, एका जागी थांबले, मागे गेले, पुन्हा तेच वाचलं. मला कळलं. काचेमागून कुणीतरी आमच्या नंतरच्या गिऱ्हाइकाची ऑर्डर ओरडली.

"आई," रेवा म्हणाली, "इट इज कॅन्सर. लहान आहे म्हणतायत. खूप लहान. पण आहे."

आमच्या घरात तो शब्द कुणीही, कधीही उच्चारला नव्हता. तो असा भर दुपारी, लोण्याच्या वासात, सरळ बोलला गेला. मी दचकून छताकडे पाहिलं, असं नंतर रेवा सांगते. मला आठवत नाही. नीला मात्र हलली नाही. तिनं "हं" केलं. मग लेकीचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, मेण सांडून लाल झालेल्या बोटांवरून अंगठा फिरवला आणि म्हणाली, "बरं झालं तू वाचलंस. यांना जमलं नसतं." मग तिनं बशी पुढे ओढली आणि गार होत आलेलं सगळं खाल्लं. तिचं संपेपर्यंत आम्ही दोघं बसून होतो.

त्या दुपारी आम्ही ठरल्याप्रमाणे नदी बघायला गेलो. नीलाच म्हणाली, ठरलंय तर जाऊ. उंच काठावरून खाली तोम नदी दिसत होती, अर्धी गोठलेली. बर्फाचे मोठाले तुकडे वाहत होते आणि एकमेकांना घासत होते, त्याचा एक सलग खरखर आवाज वरपर्यंत येत होता. रेवा म्हणत होती, मी तुमच्याबरोबरच येते, आजच तिकीट काढते. नीला म्हणाली, "मुलांच्या परीक्षा घे, पेपर तपास आणि मग ये." तीन आठवड्यांनी रेवा आली. मग ऑपरेशन, मग औषधं, आणि त्यातच साथ येऊन सगळं जग बंद पडलं. आम्ही तिघं या घरात कोंडलेलो. नीलाचे केस गेले, चव गेली, नखं काळी पडली. ती रडली नाही. टॉम्स्कच्या त्या तळघरात नाही, परतीच्या विमानात नाही, खुर्चीत नळी लावून तासन् तास बसली तेव्हाही नाही. इथल्या मराठी मंडळातल्या बायका डबे घेऊन यायच्या, दारातच ठेवायच्या आणि मला फोनवर म्हणायच्या, "काय धीराची आहे हो!" मीही तसंच समजत आलो. दोघांपैकी एक धीराचा असला की दुसऱ्याचं भागतं, असा माझा सोयीचा समज होता.

रेवा आता पार पश्चिम किनाऱ्याकडे, बॉथेलला असते. ईमेल अजून तिचाच आहे. तिनं दोनदा विचारलं, आई, तुझा टाकू या का? नीला म्हणाली, "राहू दे. आधी तुला कळू दे. तुला सांगता येतं." त्यामुळे दर वर्षी पहिला बर्फ पडला की आम्ही फोनची वाट बघतो. पाच वर्षं नीट पार पडली की बरंचसं जिंकलं, असं डॉक्टरबाई पहिल्यापासून म्हणत आल्या आहेत. हे पाचवं.

इथपर्यंत लिहिलं आणि फोन वाजला.

नीलाचे हात ओले होते. तिनं ते पदरालाही पुसले नाहीत, तसाच फोन स्पीकरवर टाकला. मी खुर्चीत अर्धा उठलेला. रेवानं नमनाला घडाभर तेल घालवलं नाही. "क्लिअर, आई," ती म्हणाली. "सगळं क्लिअर आहे. फाइव्ह इयर्स. इट्स ओव्हर."

"बरं," नीला म्हणाली.

आणि मग ती ओट्याला धरून खाली, फरशीवर बसली आणि रडायला लागली. मोठ्यानं, तोंड उघडं ठेवून, लहान मूल रडतं तसं. पाच वर्षांत मी तो आवाज ऐकला नव्हता.  मी तिच्याजवळ बसलो, माझे गुडघे कटकन वाजले. फोनवर रेवा "आई? आई?" करत होती.

"अगं, चांगली बातमी आहे ना?" मी म्हणालो. "मग आता कशाला रडतेस?"

"तेव्हाचं राहिलं होतं," ती म्हणाली.